ट्रायकोग्रामाचा फोटो: अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी

कपाशीत बोंडअळीच्या अंड्यांवर सोडतात त्या ट्रायकोकार्डाचा (आत ही माशी वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड) काळ्या अंड्यांचा तुकडा काचनळीत ठेवा, तोंडाला घट्ट कापूस. माश्या निघाल्या की नळी अर्धा तास फ्रीझरमध्ये. मग ओल्या, अगदी बारीक ब्रशने एक उचलून कागदाच्या टोकावर ठेवा आणि लगेच कामाला लागा. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तिचे डोळे आणि पोट लवकर आक्रसतात; मग कितीही चांगली लेन्स उपयोगाची नाही.

10x, 0.25 एनएचं (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचा आकडा) मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे मायक्रोस्कोपची खालची लेन्स, घ्या. त्यावर 160 (मायक्रोस्कोपच्या नळीची लांबी, मिमीत) लिहिलं असेल तर बेलोजवर, म्हणजे कॅमेऱ्याला लावायच्या घडीच्या भात्यावर, सेन्सरपासून साधारण 150 मिमीवर. अनंताचं चिन्ह असेल तर 200 मिमी टेलिलेन्सपुढे.

खरी कसोटी पुढे आहे. फोकसची खोली, म्हणजे एका फोटोत स्पष्ट दिसणारा थर, जेमतेम 8 मायक्रॉन; म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढून ते संगणकावर एकात जोडायचे. 5 मायक्रॉनचा टप्पा ठेवा: 0.3 मिमी जाडीला 60 फोटो. कॅमेरा पुढे-मागे सरकवणारी, हाताने फिरवायची रेल इथे पुरत नाही. जुन्या मायक्रोस्कोपचं बारीक फोकसचं चाक उत्तम. त्यावर एक खूण बहुधा 2 मायक्रॉनची असते. टप्पा मोठा झाला तर जोडलेल्या चित्रात धूसर पट्टे उमटतात.

पंखा बंद, प्रत्येक फोटोआधी तीन सेकंद थांबा. फ्लॅश कमीत कमी ताकदीवर, माशीभोवती ट्रेसिंग पेपरची नळी. नाहीतर चकचकीत अंगावर पांढरे डाग पडतात.