सुळक्यासाठी रोप किती जाडीचा घ्यावा?

चढाईचा पहिलाच रोप घेताय आणि सह्याद्रीतल्या सुळक्यांवर, कातळभिंतींवर वापरणार असाल, तर ९.८ ते १०.२ मिमीचा डायनॅमिक (पडल्यावर ताणून झटका सोसणारा) सिंगल (एकेरी वापरायचा) रोप घ्या. दुकानदार ९ मिमीचा हलका रोप दाखवून मोहात पाडेल. तो वाईट नसतो, पण आपल्या बेसॉल्टच्या धारेवर घासून त्याचं वरचं आवरण लवकर फाटतं, आणि बारीक रोप बिले देणाऱ्याच्या, म्हणजे रोप धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्याच्या, हातातून भरकन सरकतो. नवख्या जोडीदाराच्या हाती तर नकोच.

वजनाचा हिशेब मात्र करा. ९.८ मिमीचा रोप मीटरला साधारण ६३ ग्रॅम भरतो. म्हणजे ६० मीटरचे पावणेचार किलोच्या आसपास. पायथ्यापर्यंत दोन तासांची चाल असेल तर हे खांद्याला कळतं. केवळ टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या रोपवर, सराव करायचा असेल तर १०.५ मिमीसुद्धा चालेल, तो जास्त टिकतो.

रोपाच्या टोकावरची पट्टी वाचा. वर्तुळात १ असेल तरच तो एकेरी वापरायचा. ½ असेल तर तो हाफ रोप, लीडला, म्हणजे रोप सोबत नेत सर्वांत पुढे चढताना, दोन लागतात. बिले डिव्हाइसवरही (बिले देताना रोप अडवणारं साधन) किती मिमीचा रोप चालतो ते कोरलेलं असतं. ते जुळलं नाही तर रोप अडकतो किंवा नीट पकडला जात नाही.

आणि रॅपलिंगचा (रोपवरून खाली उतरण्याचा) स्टॅटिक रोप, मग तो ११ मिमीचा का असेना, लीडला कधीच नाही. तो फारसा ताणला जात नाही, पडल्यावरचा जवळजवळ सगळा झटका अंगावर आणि अँकरवर (कातळात रोप अडकवलेल्या आधारावर) येतो.