ग्लुटेन-फ्री ब्रेड आणि दिवाळीचा फराळ: तीन वर्षांत हात भाजून जे कळलं ते

लेकीला सिलिॲक (गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) निघाला त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून आमच्या घरात गव्हाचा कण नाही, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं, पण पहिले चार महिने तो होता आणि पत्ताच नव्हता. पोळ्या बंद, बिस्किटं बंद, मॅगी बंद, तरी पोरीचं पोट दुखायचं थांबेना. तो कुठे होता ते आधी सांगते, कारण ब्रेडची रेसिपी विचारणारे सगळे तिथेच फसतात.

एक तर हिंगात. आपण रोज फोडणीत घालतो त्या पिवळ्या पावडरीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, डबी उलटी करून वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा, नाहीतर सरळ हिंगाशिवाय फोडणी करा, कोणी मरत नाही. दुसरं मेतकूट, त्यात बऱ्याच घरी मूठभर गहू भाजून घालतात. थालीपिठाची भाजणी, तीच गत. सातूचं पीठ तर विचारूच नका, सातू म्हणजेच जव आणि जवात ग्लुटेन असतंच. आणि हो, खपली गहू हा गहूच आहे! मला किमान पाच जणांनी "अगं खपली चालतो, तो देशी असतो" असं सांगून झालंय. चालत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी जागा म्हणजे गिरणी. ज्वारी तुम्ही निवडून पाखडून नेली तरी त्याच जात्यावर आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असतात, आणि वेगळं जातं असलं तरी हवेत उडतोय तो काय भुसा आहे का, गव्हाचं पीठच ना. आम्ही शेवटी हप्त्यावर घरघंटी घेतली. तितकं जमत नसेल तर तांदूळ धुऊन, कापडावर सुकवून, मिक्सरवर दळा आणि नव्या चाळणीने चाळा. नव्या म्हणजे नव्याच. जुन्या चाळणीच्या जाळीत वर्षानुवर्षांची कणीक बसलेली असते. लाकडी पोळपाट-लाटणं पण बदलायचं. आणि दळायच्या आधी धान्य ताटात पसरून निवडायचं, मागच्या महिन्यात एक किलो ज्वारीत मला सात गहू सापडले, मोजले मी.

(ज्यांना अजून फक्त शंका आहे, टेस्ट झालेली नाही, त्यांनी आधीच गहू सोडू नका. गहू बंद असला तर सिलिॲक ओळखायची रक्ताची टीटीजी टेस्ट चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. आधी टेस्ट, मग बाकी सगळं.)

विकतचा ब्रेड घ्यायचा तर पाकिटाच्या मागची बाजू वाचा, पुढची नाही. आपल्याकडे एफएसएसएआय ह्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असून चालत नाही. अमेरिका-युरोपातही हाच २० चा आकडा आहे, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांना वाचायची पद्धत तीच. "नाचणी ब्रेड", "मल्टिग्रेन", "मिलेट पाव" ह्या नावांवर अजिबात जाऊ नका, घटकांमध्ये पहिला शब्द बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतो आणि नाचणी कुठेतरी शेवटी चिमूटभर. माल्ट दिसलं की ठेवून द्या, ते बहुतेक जवाचं असतं, कॉर्नफ्लेक्समध्ये पण असतं. ओट्स ग्लुटेन-फ्री लिहिलेले असले तरी डॉक्टरांना विचारून. घरगुती ऑर्डर घेणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा, "त्याच किचनमध्ये मैद्याचे केक पण करता का?" आमच्या जवळच्या एका बेकरीत मला अगदी प्रेमाने सांगितलं की ग्लुटेन-फ्री लोफ आम्ही वेगळा करतो हो मॅडम, फक्त ट्रे तोच असतो. फक्त!

आता ब्रेड. पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाका की हे मळायचं पीठ आहे. मैद्याच्या ब्रेडमध्ये ग्लुटेनची जाळी यीस्टचा गॅस धरून ठेवते, इथे ती जाळीच नाही, मग मळून काय ताणणार? जाळीचं काम करतो इसबगोल. साधा, बिनफ्लेवरचा, आपल्या आजोबांचा इसबगोल.

माझं माप एका आठ इंची लोफ टिनचं: ज्वारीचं बारीक पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं पीठ १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोर किंवा टॅपिओका स्टार्च ८० ग्रॅम, इसबगोल २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर २ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, तेल २ मोठे चमचे, व्हिनेगर २ छोटे चमचे, पाणी ३९० मिलि. वजनकाटा घ्या, तीनचारशे रुपयात येतो, वाटीच्या मापाने हा ब्रेड मी दोनदा बिघडवलाय. इसबगोल इतका हलका असतो की २० ग्रॅम म्हणजे चारपाच मोठे चमचे होतात आणि आपल्याला वाटतं काहीतरी चुकलं, चुकलेलं नसतं. इसबगोलची बारीक पावडर असेल तर मात्र थोडी कमी घ्या. काही पावडरींनी ब्रेड जांभळट दिसतो, घाबरू नका, चवीला फरक नाही.

इसबगोल कोमट पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा, त्याचा बुळबुळीत गोळा होतो, दिसायला वाईटच दिसतो. त्यात तेल-व्हिनेगर, मग सगळी कोरडी पिठं यीस्ट-साखर-मीठ घालून आधी उलथन्याने आणि मग हातानेच कालवा, पांढऱ्या गुठळ्या राहू देऊ नका. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट आणि भाकरीच्या पिठापेक्षा सैल हवं, थालीपीठ थापतो ना तितपत. ज्वारी जुनी असली तर पाणी जास्त पिते, मग एखाददोन चमचे वाढवा. तेल लावलेल्या टिनमध्ये ओल्या हाताने थापून वरून गुळगुळीत करा आणि झाकून ठेवा. एकदाच फुगवायचं, दोनदा नाही, कारण एकदा दाबून गॅस घालवला की हे पीठ पुन्हा नीट वर येत नाही. मे महिन्यात पुण्यात माझं ३५ मिनिटात होतं, डिसेंबरात दीड तास लागतो, तेव्हा घड्याळ बघू नका, टिन बघा, साधारण दीडपट झालं की आत. दुप्पट व्हायची वाट बघितली तर ओव्हनमध्ये मधोमध खड्डा पडतो.

ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) २०० डिग्रीला चांगला १५ मिनिटं तापवा, मग ५५ ते ६० मिनिटं भाजा, शेवटची दहा मिनिटं टिनमधून काढून नुसत्या जाळीवर. खालून टकटक केलं तर मडक्यासारखा पोकळ आवाज यायला हवा. आणि आता सगळ्यात अवघड पायरी, तीन तास हात लावायचा नाही. आमच्याकडे पहिला लोफ झाला तेव्हा घरभर वास सुटला आणि नवऱ्याने गरमागरम कापला, आतून उकडीसारखा चिकट, सुरीला लडबडला, मी रडकुंडीला आले की इतका खटाटोप करून कच्चाच राहिला. कच्चा नव्हता. स्टार्च गार झाल्याशिवाय बसत नाही, एवढंच.

ह्याच पिठाचे लहान गोळे ओल्या हाताने करून टिनमध्ये चिकटून लावले की पाव होतात, २५ ते ३० मिनिटं पुरतात. लादी पावासारखे मऊ कापूस नाही होत, खोटं कशाला सांगू, पण पावभाजीबरोबर बटरवर भाजले की लेक चार खाते.

फराळाचं मात्र उलटं आहे, तिथे आपण आधीच जिंकलेलो आहोत. बेसन लाडू, अनारसे, पोह्याचा चिवडा, शेव, चकली ह्यात गहू मुळातच नाही, फक्त हिंग, गिरणी आणि कढई सांभाळायची. चकलीची भाजणी घरीच: ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, मूठभर पोहे, धणे-जिरे. तळताना आधी फराळाचं हे सगळं आणि तेही वेगळ्या तेलात, कारण ज्या तेलात मैद्याच्या करंज्या निघाल्या त्यात तळलेली चकली आमच्यासाठी गेली.

शंकरपाळ्यांनी पहिल्या वर्षी मला रडवलं. ज्वारीच्या पिठात नेहमीसारखं दणकून मोहन घातलं आणि कढईत सोडल्या तर विरघळून तळाशी वाळू. मग लक्षात आलं की कडकडीत मोहन आपण घालतो ते मैद्याचं ग्लुटेन फार ताणू नये, खुसखुशीत व्हावं म्हणून, आणि इथे तर मोडायला काही नाहीच, उलट बांधायला हवंय. म्हणून आता उकड काढते. पाऊण वाटी दूध, अर्धी वाटी साखर, ३ चमचे तूप उकळून त्यात एक वाटी ज्वारीचं, एक वाटी तांदळाचं पीठ आणि छोटा चमचा इसबगोल, झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळायचं. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये जरा जाडच लाटा, आणि आधी एकच सोडून बघा, फुटली तर पिठात चमचाभर तांदूळ पीठ वाढवा.

नानकटाई तर गव्हाशिवायच बरी लागते असं माझं मत झालंय. १ वाटी बेसन, अर्धी तांदूळ, अर्धी ज्वारी, पाऊण वाटी थिजलेलं तूप आणि तेवढीच पिठीसाखर फेसून, वेलची, १६० डिग्रीला १८-२० मिनिटं. ट्रेवर गार होऊ द्या, गरम उचललीत तर हातात चुरा.

नाताळात गोव्याला कुणाकडे जाणार असाल तर ताटातलं दोदोल (तांदूळ, नारळाचं दूध, गूळ), चण्याच्या डाळीचं दोस आणि पेराद (पेरूची वडी) बिनधास्त विचारा, बेबिंका, नेवऱ्या, कुलकुलं मैद्याची आणि बोलिन्यांत रवा असतो, त्यांना लांबून नमस्कार. सान्नां (इडलीसारखी वाफवलेली) मात्र मिळाली तर सोडू नका, तांदळाचीच असतात.

ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, म्हणून गार झाला की लगेच कापा, प्रत्येक स्लाइसमध्ये बटर पेपर घालून फ्रीजरला टाका आणि लागेल तसा थेट तव्यावर. तव्यावर हं, घरात इतरांचा गव्हाचा ब्रेड भाजायचा टोस्टर असेल तर त्यात नको, त्याच्या तळाला काय काय साठलेलं असतं ते एकदा उलटा करून बघा.