‘लिंक होत नाहीये’ म्हणजे नेमकं काय होत नाहीये?

माझा भाचा नुकताच नोकरीला लागलाय. रात्री जेवणं आटोपली की त्याचा फोन येतो, ‘मावशी, लिंक होत नाहीये.’ मी विचारते, ‘असं कोण म्हणतंय?’ तो वैतागतो. पण लिनक्सवर अर्धा गुंता या एका प्रश्नानं सुटतो. पतसंस्थांची सॉफ्टवेअर सांभाळता सांभाळता मी हे शिकले. आज्ञा इथे फोनवर सांगते तशाच, उच्चारानुसार लिहिते आहे.

लिनक्स ज्या जुन्या युनिक्सच्या धर्तीवर बेतलंय, त्या युनिक्सनं ‘लिंक’ हा एकच शब्द तीन कामांना लावून ठेवलाय. ‘एलएन’ ही आज्ञा करते ती फाइलीची लिंक, म्हणजे त्याच फाइलीला आणखी एक नाव. कंपायलरनं, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामनं, काढलेल्या ‘डॉट ओ’ फाइली जोडून एक प्रोग्राम बनवतो तो लिंकर, म्हणजे ‘एलडी’. हा १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे. आणि प्रोग्राम सुरू होताना त्याच्या लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामांना लागणारी तयार फंक्शनं ठेवलेल्या फाइली, शोधून मेमरीत जोडून देतो तो डायनॅमिक लिंकर किंवा लोडर, ‘एलडी डॉट एसओ’. नावं सख्ख्या भावांसारखी असली तरी एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही.

म्हणून आधी पडद्यावर आलेला चुकीचा निरोप नीट वाचा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ किंवा ‘कॅनॉट फाइंड’ आणि पुढे ‘हायफन एल’ असं काही दिसलं, तर तक्रार एलडीची. प्रोग्राम अजून तयारच झालेला नाही. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असं आलं, तर प्रोग्राम तयार आहे, अडलाय तो लोडर.

एलडीची तक्रार बहुधा क्रमाची असते. ‘डॉट ए’ म्हणजे स्टॅटिक लायब्ररी, ‘एआर’ या आज्ञेनं बांधलेलं डॉट ओ फाइलींचं गाठोडं. एलडी आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि गाठोडं समोर येईल तेव्हा, तोवर अडलेल्या, म्हणजे वापरलेल्या पण अजून न सापडलेल्या, फंक्शनांच्या नावांपुरत्याच फाइली त्यातून उचलतो. लायब्ररी आधी लिहिली, तर तेव्हा काहीच अडलेलं नसतं, म्हणून तो तशीच पुढे जातो. आधी आपल्या डॉट ओ फाइली, मग लायब्ररी.

खरी गंमत सामायिक (शेअर्ड) लायब्ररीच्या, म्हणजे प्रोग्रामात न भरता तो सुरू होताना जोडल्या जाणाऱ्या ‘डॉट एसओ’ फाइलीच्या, नावांत आहे. आमची व्याज काढायची लायब्ररी घ्या. डिस्कवरची खरी फाइल ‘लिबव्याज डॉट एसओ डॉट १.२.०’. तिच्या पोटात लिहिलेलं नाव ‘लिबव्याज डॉट एसओ डॉट १’. याला सोनेम म्हणतात. आणि तिसरं, आकडा नसलेलं ‘लिबव्याज डॉट एसओ’. ही शेवटची दोन्ही नावं डिस्कवर सिम्बॉलिक लिंक म्हणून, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या म्हणून असतात.

‘हायफन एल व्याज’ म्हटलं की एलडी आकडा नसलेलं नाव शोधतो. फाइल सापडली की तिच्या पोटातला सोनेम वाचून तोच प्रोग्राममध्ये ‘नीडेड’ म्हणून लिहून ठेवतो. पुढे लोडर शोधतो तो सोनेम. आकडा नसलेल्या नावाशी त्याला देणंघेणं नाही. म्हणूनच ‘लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३’ मशीनवर असूनही एलडी ‘सापडत नाही’ म्हणतो: आकडा नसलेली लिंक वेगळ्या पॅकेजात येते. डेबियनवर त्याच्या नावाशेवटी ‘डेव्ह’ असतं, रेड हॅटकडे ‘डेव्हल’.

सोनेमचा आकडा कधी वाढवायचा? नवं फंक्शन नुसतं भरलं तर नाही. पण असलेल्या फंक्शनला ‘महिने’ पूर्णांकात जायचे ते दशांशात जायला लागले, किंवा स्ट्रक्चरच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या रकान्यांच्या, मधेच एक रकाना घुसवला, तर वाढवायचाच. नाही वाढवला तर जुने प्रोग्राम बिनतक्रार सुरू होतात आणि चुकीचं व्याज काढतात. त्यापेक्षा बंद पडलेले परवडले.

आता भाच्याची नेहमीची अडचण. ‘मावशी, मी हायफन कॅपिटल एल देऊन फोल्डर सांगितलं होतं की!’ सांगितलंस, पण एलडीला. लोडर बघतो ती ठिकाणं निराळी: प्रोग्राममध्येच कोरलेला रनपाथ म्हणजे फोल्डरांचा पत्ता, ‘एलडी लायब्ररी पाथ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग), ‘एलडीकॉन्फिग’ या आज्ञेनं बनवलेली लायब्ररींची यादी आणि नेहमीची सिस्टिम फोल्डरं. कायमचा उपाय म्हणजे ‘ईटीसी’तल्या ‘एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी’मध्ये आत फोल्डरचं नाव लिहिलेली एक फाइल ठेवा आणि रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊन एलडीकॉन्फिग चालवा. उबुंटूवर ‘यूएसआर लोकल लिब’ हे फोल्डर तिथे आधीच नोंदलेलं असतं, पण नवी लायब्ररी टाकल्यावर एलडीकॉन्फिग चालवावंच लागतं. एलडी लायब्ररी पाथ चाचणीपुरता ठीक. लॉगिनच्या फाइलीत तो कायमचा घालून ठेवणाऱ्यांची मशीनं मी निस्तरली आहेत, म्हणून सांगते.

कोणती लायब्ररी कुठून उचलली जातेय ते ‘एलडीडी’ ही आज्ञा दाखवते. अनोळखी माणसानं पाठवलेल्या प्रोग्रामवर मात्र ती चालवू नका, कारण काही वेळा त्यात तो प्रोग्रामच चालू होऊ शकतो. तिथे ‘रीडेल्फ हायफन डी’ बरा. तो फाइल नुसती वाचतो.

शेवटचं, स्वतःचे हात पोळून शिकलेलं. एका पतसंस्थेत भर दुपारी मी दुरुस्त केलेली लायब्ररी ‘सीपी’ या कॉपीच्या आज्ञेनं जुन्या फाइलीवरच टाकली. चारही काउंटरचे प्रोग्राम एकदम आडवे झाले. रांगेतल्या एक आजीबाई मला म्हणाल्या, ‘वीज गेली का गं?’ त्या नावाची फाइल आधीच असेल तर सीपी नवी फाइल बनवत नाही. तोच इनोड, म्हणजे डिस्कवरची तीच मूळ फाइल, रिकामा करून त्यात भरतो, आणि चालू प्रोग्रामांनी तर तोच मेमरीत जोडलेला असतो. तेव्हापासून मी नवी फाइल नव्या आकड्यानं ठेवते, १.२.१ अशी, आणि एलडीकॉन्फिग चालवते. सोनेमची लिंक तो स्वतः नव्या फाइलीकडे वळवतो. चालू प्रोग्राम जुन्या फाइलीवर निवांत चालत राहतात. संध्याकाळी काउंटर बंद झाले की कोणत्या प्रोग्रामनं कोणती फाइल उघडलीय ते दाखवणारी ‘एलएसओएफ’ आज्ञा लावून कोण अजून १.२.० धरून बसलंय ते बघायचं आणि तेवढेच प्रोग्राम पुन्हा सुरू करायचे.