गाईची ‘लाकडी जीभ’: माझा अनुभव

मार्गशीर्षात आमच्या खिलार गाईने कडबा तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकायला सुरुवात केली आणि तिची लाळ सतत गळू लागली, तेव्हा मला प्रथम लाळ्या-खुरकुताचीच शंका आली. परंतु तोंडात फोड नव्हते, खुरांत जखमा नव्हत्या, जीभ मात्र सुजून लाकडासारखी कडक झाली होती. पशुवैद्यकांनी तपासून ॲक्टिनोबॅसिलस जिवाणूचे निदान केले. हा जिवाणू निरोगी जनावराच्या तोंडातही असतो, मात्र कुसळांनी किंवा राठ वैरणीने जखम झाली की तो जिभेच्या आत शिरतो.

गाय गाभण नाही याची खात्री करून त्यांनी सोडियम आयोडाइड हे आयोडीनयुक्त औषध शिरेतून अत्यंत सावकाश दिले, सोबत प्रतिजैविक सुरू केले आणि दहा दिवसांनी आयोडाइड पुन्हा दिले. डोळ्यांतून पाणी आले किंवा कातडीवर कोंडा दिसला, तर आयोडीन जास्त झाले असे समजून ताबडतोब कळवण्यास त्यांनी बजावले होते. त्या दिवसांत मी कोवळा मका बारीक कापून आणि गव्हाचा कोंडा पाण्यात भिजवून तिला हाताने भरवला. तिसऱ्या दिवशी जीभ मऊ पडू लागली, त्या वेळी मला फार मोठा धीर आला. कुसळीचे गवत गव्हाणीत टाकणे मी आता पूर्णपणे बंद केले आहे.