डिझाईनला जायचंय? आधी हापसा उघडलेला बघा

डिझाईनला यायचं ठरवलेली मुलं आधी प्रेरणेचं विचारतात. कुठल्या साइट बघायच्या, कुणाला फॉलो करायचं? मी त्यांना गावातला हापसा बघायला सांगते, शक्यतो दुरुस्तीला उघडलेला असताना. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाला विचारलं तर पुढचं काम कुठे आहे ते कळतं.

जुने बिडाचे हापसे मुळात एखाद्या कुटुंबाच्या अंगणापुरते घडवलेले होते. बोअरवर बसवल्यावर अख्खं गाव पहाटेपासून त्यावर पाणी हापसू लागलं आणि ते टिकेनात. दांडा कमानीत फिरायचा, त्याला अडकवलेली, बोअरमधल्या पाणी ओढणाऱ्या पिस्टनपर्यंत जाणारी सळईही तिरकी ओढली जायची आणि सांधे झिजायचे. जालना-सोलापूरकडे ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामात पोलादी हापसे तयार झाले होते. त्यांच्यावरूनच सत्तरच्या दशकात, युनिसेफच्या पुढाकाराने, ‘इंडिया मार्क टू’ घडला.

त्याचं झाकण काढलं की दांड्याच्या टोकाला गोलाई दिसते आणि तिच्यावरून फिरणारी साखळी. त्यामुळे सळई सरळ वर येते आणि खाली जाताना आपल्याच वजनाने उतरते. दांडा मुद्दाम भरीव ठेवलाय, म्हणजे खोलवरच्या सळयांचा भार तोलला जातो आणि घागर घेऊन आलेल्या मुलीलाही पाणी ओढता येतं. शिवाय या रचनेवर कुणाचीच मालकी नाही. मानकाप्रमाणे कुठलाही कारखाना हा हापसा बनवू शकतो.

मला मात्र त्याच्यानंतर आलेला मार्क थ्री जास्त जवळचा वाटतो. मार्क टूच्या पिस्टनचा वायसर बदलायचा तर बोअरमधले सगळे पाईप उपसावे लागतात, त्याला तिकाटणं आणि माणसं लागतात. मार्क थ्रीत पाईप ३२ ऐवजी ६५ मिमीचा केला, म्हणून पिस्टन एकटा वर काढता येतो. दुरुस्ती करणाऱ्याची अडचण कुणीतरी मनावर घेतली होती!

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. बारावीनंतर यूसीड ही डिझाईनची प्रवेश परीक्षा, ती आयआयटी मुंबई घेते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची डॅट ही परीक्षा वेगळी. चित्रं काढण्याचा सराव हवाच, पण नुसतं देखणं रेखाटन पुरत नाही. वस्तू आतून कशी चालते, कोण वापरतं, मोडली तर कोण दुरुस्त करतं, हे पोर्टफोलिओत, म्हणजे तुमच्या कामाच्या संग्रहात, दिसू द्या. मी पोर्टफोलिओ चाळते तेव्हा तिथेच थांबते.

यंत्रांत जीव रमत नसेल तर अक्षरांकडे वळा. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशींनी घडवला, ते पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवत. ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट तर कुणीही फुकट वापरू शकतं. एसटी स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक किंवा दवाखान्यातला केसपेपर घ्या, तो वाचताना आजी कुठे अडते ते शेजारी बसून बघा आणि पहिला प्रकल्प त्यावरच करा. केलेला फलक परत तिथेच लावून बघायची परवानगी मात्र सुरुवातीलाच मागून ठेवा, ती मिळायला वेळ लागतो.