साडेसहा किलोंचा डावा खांदा

सदाशिव पेठेत मी ज्या वाड्याच्या मागच्या खोलीत राहायचे, त्याच्या तोंडाशीच एक किराणा दुकान होतं. एका रात्री लग्नाचे फोटो उरकून परतले तेव्हा काका दुकान आवरत होते. म्हटलं, "काका, ही कॅमेऱ्याची बॅग जरा काट्यावर ठेवू का?" त्यांनी गुळाची ढेप बाजूला सरकवली. काट्यावर आकडा उमटला, ६.४८०. काकांनी चष्म्यावरून आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किलोवर विकायचंय का?"

तेव्हा मी एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे असिस्टंट होते आणि नुकतीच सेकंड शूटर, म्हणजे त्यांच्या जोडीची दुसरी फोटोग्राफर, म्हणून उभी राहायला लागले होते. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत ते साडेसहा किलो माझ्या डाव्या खांद्यावर असायचे. तीन-चार महिन्यांत मान वळवताना कळ यायला लागली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आरशासमोर उभं करून दाखवलं, डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता. पट्टा घसरू नये म्हणून दिवसभर मी तो उचलून धरत होते आणि बॅग उतरवल्यावरही तो खाली यायला तयार नव्हता.

या कामात नव्याने येणारी मुलंमुली मला कॅमेरा कुठला घेऊ विचारतात, लेन्स विचारतात, मेमरी कार्ड कुठल्या कंपनीचं तेही विचारतात. बॅगेचं कुणी विचारत नाही. सगळे पैसे बॉडीत (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि काचेत, म्हणजे लेन्सेसमध्ये, गेले की उरलेल्या हजार-दोन हजारांत मिळेल ती घेतात. मीही तेच केलं होतं. सेकंडहँड, भरभक्कम, दोन बॉड्या आणि पाच लेन्सेस मावतील अशी. माझ्याकडे तेव्हा एक बॉडी होती. आई लहानपणी वाढत्या अंगाचे फ्रॉक घ्यायची, तशी मी वाढत्या सामानाची बॅग घेतली.

फ्रॉक सैल झाला तर नुसता ढगळ दिसतो. बॅगेतला रिकामा कप्पा मात्र रिकामा राहत नाही. त्या साडेसहा किलोंचा हिशेब मी घरी येऊन वहीत मांडला. कॅननची ६डी ही बॉडी बॅटरी-कार्डासकट ७७० ग्रॅम, रोजची झूम लेन्स २४-७० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती ८०५, लांबचं टिपणारी ७०-२०० एफ २.८ तब्बल १,४९०, पन्नासची प्राइम (झूम नसलेली लेन्स) १६०. सेल घातलेला फ्लॅश पाचशेच्या वर, जास्तीचे आठ सेल दोनशेच्या वर, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. चार्जर, दोन केबली, वाइप्स, एक डायरी (डायरी कशाला, देव जाणे). आणि सगळ्यांत मोठा धक्का म्हणजे रिकामी बॅगच सोळाशे ग्रॅमची. म्हणजे जिच्यासाठी खांदा मोडत होते, त्या ७०-२०० पेक्षा बॅगच जड.

त्यामुळे माझा पहिला सल्ला दुकानात जायच्या आधीचा आहे. एका ऑर्डरला खरोखर काय काय बाहेर निघतं ते तीन कार्यक्रम लिहून ठेवा. माझ्या यादीत ७०-२०० फक्त मंगलाष्टकांच्या वेळी आणि स्टेजवरच्या भाषणांना निघत होती. उरलेले दहा तास ती नुसती सोबत हिंडायची. मग मी ती सरांच्या, म्हणजे त्या फोटोग्राफरांच्या, मोठ्या बॅगेत टाकायला लागले आणि लागेल तेव्हाच आणायची. यादी झाली की सगळं सामान घरच्या काट्यावर ठेवा. माझी स्वतःची मर्यादा बॅगेसकट चार किलो आहे. त्याच्या वर दिवसभर काम असेल तर शोल्डर बॅग हे उत्तरच नाही, सरळ पाठीवरची सॅक घ्या. सिंहगडावर प्री-वेडिंगला मी सॅकच नेते. पण कार्यालयात सॅक कामाची नाही. लेन्स बदलायची तर दर वेळी ती उतरवून जमिनीवर ठेवावी लागते, आणि तोवर अंतरपाट दूर झालेला असतो.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, आल्यापासून हे वजनाचं रडगाणं संपलं असं लोक म्हणतात. बॉडी हलकी झाली हे खरं, पण काचेचं काही सांगता येत नाही. कॅननची मिररलेससाठीची आरएफ २४-७० एफ २.८ घेतलीत तर ती ९०० ग्रॅमची आहे, माझ्या जुनीपेक्षा जड. सोनीने उलट त्यांची २४-७० दुसऱ्या आवृत्तीत ८८६ वरून ६९५ ग्रॅमवर आणली. तेव्हा ऐकीव गोष्टींपेक्षा काटा बरा.

आता बॅग बघायला जाल तेव्हा आपलं सामान घेऊन जा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. रिकामी बॅग खांद्यावर घेऊन आरशात बघितली तर सगळ्याच छान दिसतात. सामान भरून बघायचं ते असं: बॉडीला रोजची लेन्स लावलेली, लेन्सचं तोंड खाली, बॉडी वर. माझी ६डी आणि २४-७० अशी ठेवली की साधारण १८-१९ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे आतली खोली २० तरी हवी. बॅगेवर लिहिलेलं माप बरेचदा बाहेरचं असतं, फोमने आतून किती खाल्लं ते लिहिलेलं नसतं. कॅमेरा आडवा ठेवावा लागत असेल तर ती बॅग सोडा. आडवा कॅमेरा काढायला दोन हात लागतात आणि लग्नात दुसरा हात कधीच मोकळा नसतो.

झाकणाकडेही बघा. बिजागरीची बाजू आपल्या अंगाला लागून असेल तर उघडलेलं झाकण आपल्या आणि बॅगेच्या मध्ये भिंतीसारखं उभं राहतं, एका हाताने ते धरून ठेवावं लागतं. बाहेरच्या बाजूला उघडणारं झाकण असेल तर हात सरळ आत जातो. दुकानात हे कळायला दहा सेकंद लागतात. मला दोन सीझन लागले.

वेल्क्रोवर माझा राग आहे. सवाई गंधर्व महोत्सवात मुकुंदनगरच्या मंडपात एका संध्याकाळी विलंबित ख्याल चालला होता. हजारो माणसं आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी पुढच्या कठड्याजवळ बसून बॅग उघडली. तो खर्रर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढच्या भारतीय बैठकीतल्या एक आजी मागे वळल्या. काही बोलल्या नाहीत, आणि पुण्यात हे बोलण्यापेक्षा वाईट. वेल्क्रोचा दुसरा गुण लग्नात कळला. गर्दीत नवरीच्या मावशीच्या पैठणीचा पदर झाकणाच्या काट्यांत अडकला आणि जरीचे दोन धागे घेऊनच सुटला. मावशींनी उदार मनाने माफ केलं, पण अल्बम बघताना आठवण काढली. थिंक टँक कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगांमध्ये वेल्क्रो झाकून टाकायची सोय आहे. ते बजेटमध्ये नसेल तर चेन आणि क्लिपवाली घ्या, किंवा वेल्क्रोवर मऊ कापडाची पट्टी शिवून घ्या. मी तेच केलं.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट खास मुलींसाठी, कारण पुरुष फोटोग्राफरांना ती सुचतच नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. बऱ्याच बॅगांचा पट्टा सगळ्यांत आखूड केला तरी तिरका घातल्यावर बॅग माझ्या मांडीवर आपटत राहते. बॅग कमरेच्या हाडाशी टेकली पाहिजे, म्हणजे थोडं वजन कंबर घेते. शिवाय छातीवरून तिरका जाणारा रुंद, कडक पॅड बसत नाही, तो मानेकडे सरकतो आणि ओढणी घेऊन जातो. दुकानात पट्टा सगळ्यांत आखूड करून, तिरका घालून, खाली वाकून बघा. वाकल्यावर बॅग पोटासमोर घसरून येत असेल तर नवरीची मेंदी टिपताना ती नेमकी फ्रेममध्ये येणार. मी शेवटी पादत्राणं आणि बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडून पट्टा चार इंच कापून घेतला आणि आतल्या बाजूला रबरी धागा असलेली पट्टी लावून घेतली. घसरणं थांबलं आणि खांदा उचलणंही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी पट्टा उजव्या खांद्यावर आणि बॅग डाव्या कमरेवर घ्यावी. उजव्या हातात कॅमेऱ्याची ग्रिप राहते, लेन्सची ने-आण डावा हात करतो.

फोम जितका जाड तितकी बॅग चांगली, असंही मला वाटायचं. जिम डोमकी नावाच्या अमेरिकन वृत्तपत्र छायाचित्रकाराने १९७६ साली स्वतःच्या कामासाठी बॅग बनवली, ती साध्या मऊ कॅनव्हासची, फोम अगदी बेताचा. अंगाला चिकटून बसणारी बॅग गर्दीत आपटत नाही, हा त्यातला विचार. गर्दीपुरता तो मला पटतो. पण आपण पुण्यात ॲक्टिव्हावर फिरतो. बॅग फूटबोर्डवर ठेवलीत तर प्रत्येक स्पीडब्रेकर तळातून वर येतो, आणि गळ्यात ठेवलीत तर वळताना ती पुढे येऊन हँडलला लागते. म्हणून माझा मध्यम मार्ग असा: भिंती मऊ, तळ जाड. नसेल तर तळाशी फोमची एक जास्तीची चकती कापून टाका. आणि हो, फूटबोर्डवर ठेवताना पट्टा सीटखालच्या हुकात अडकवा. कशामुळे शिकले ते सांगत नाही.

आतलं अस्तर मात्र फिकटच हवं. माझ्या पहिल्या बॅगेचं काळंभोर होतं. लेन्सची काळी टोपी, काळी बॅटरी, काळं कार्ड, आणि हॉलमधला अंधार. एकदा हळदीच्या फोटोंचं कार्ड बदलून मी आतल्या खिशात टाकलं. रात्री कॉपी करायला बसले तर कार्ड नाही. बॅग तीनदा उलटी केली. सरांना फोन करायची हिंमत होईना. हळद परत कशी लावायची? रात्री एकच्या सुमारास बोटाला फोम आणि कापडाच्या मध्ये काहीतरी चपटं लागलं. खिशाची शिवण उसवली होती आणि कार्ड आत घसरलं होतं. कात्रीने अस्तर कापून ते बाहेर काढलं. तेव्हापासून भरलेलं कार्ड बॅगेत जात नाही. ते गळ्यातल्या छोट्या, चेन असलेल्या पाऊचमध्ये जातं. सेकंडहँड बॅग घेताना तर प्रत्येक खिशात बोट घालून शिवणीवरून फिरवा.

पावसाचं थोडं सविस्तर सांगते. "वॉटरप्रूफ" या चिठ्ठीवर जाऊ नका. कापड पाणी अडवतं, पण शिवणीची भोकं आणि चेन अडवत नाहीत. घरी आणल्यावर आत वर्तमानपत्राचे कागद भरा, न्हाणीघरात ठेवून दोन मिनिटं मगाने पाणी ओता आणि कागद कुठे ओला झाला ते पाहा. माझी बॅग चेनच्या कोपऱ्यातून गळते हे मला पालखीच्या आधी कळलं, म्हणून दिवे घाटात माउलींच्या पालखीबरोबर चालताना मी सामान आधीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलं होतं. रेनकव्हर ठेवाच, पण त्याने झाकण उघडता येत नाही, हे लक्षात असू द्या. काम चालू असताना पिशव्याच कामाला येतात.

आणि जून ते सप्टेंबर घरी आल्यावर सामान बॅगेत ठेवायचं नाही. फोम ओल धरून ठेवतो, बंद बॅगेत अंधार असतो, आणि बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. माझ्या पन्नासच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली ती अशीच. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं. आईच्या पोह्यांच्या कढईला मी ही शिक्षा दिली होती. नवी कढई घेऊन द्यावी लागली.

विसर्जनाला, म्हणजे लक्ष्मी रोड ते अलका चौक या गर्दीत, मी शोल्डर बॅग जवळजवळ रिकामीच नेते. गुलाल उडत असताना लेन्स बदलायचीच नसते, म्हणून एकच लेन्स लावलेली, आणि बॅगेत बॅटऱ्या, पाणी, फडकं. बॅग पोटाशी, झाकण अंगाकडे. घरी आल्यावर चेनमधला गुलाल कोरड्या ब्रशने झाडायचा. ओल्या फडक्याने पुसलात तर बॅग पुढच्या गणपतीपर्यंत गुलाबी राहील.

सध्या माझ्याकडे साडेआठशे ग्रॅमची करडी बॅग आहे. एक बॉडी, दोन लेन्सेस, एक फ्लॅश. झाकणाची क्लिप एकदा तुटली, बदलून घेतली. खांदा जवळपास सरळ झालाय, पण फोटोत मला अजून कळतो. ती सोळाशे ग्रॅमची जुनी बॅग गावाला माळ्यावर आहे. आईने तिच्यात दिवाळीच्या विजेच्या माळा ठेवल्यात, प्रत्येक कप्प्यात एक. ती म्हणते, माळा गुंतत नाहीत, फार सोयीची बॅग आहे.