सिकलसेल शिकवताना हात वर करायला सांगू नका

मी अमळनेरकडचा, घरी अहिराणी. नोकरी लागली धडगावच्या डोंगरात, तिथली पोरं पावरी बोलणारी. पहिल्याच वर्षी नववीला आनुवंशिकतेचा धडा घेताना सिकलसेल या आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा विषय निघाला. तपासणीनंतर त्याचं कार्ड मिळतं, म्हणून मी सहज विचारलं, "सिकलसेलचं कार्ड कोणाकडे आहे? हात वर करा." तीन हात वर गेले. त्यातली एक मुलगी पुढे आठवडाभर वर्गात फिरकली नाही. हिचं लग्न कसं जमणार, याची चर्चा मधल्या सुट्टीतच होऊन गेली होती.

तेव्हापासून वर्गात कोणाचं नाव नाही, आणि 'तुमच्या लोकांत' हे शब्द तर मुळीच नाहीत. सुरुवात जगाच्या नकाशापासून करा. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राकाठचे देश दाखवा. मलेरियाचा जिथे पिढ्यान्‌पिढ्या जोर होता तिथे सिकलसेलचं जनुक टिकलं, कारण आई-बापांपैकी एकाकडूनच ते आलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. हे ऐकून खाली घातलेल्या माना वर येतात.

मग दोन वाट्या घ्या, एक आईची, एक बापाची, दोघंही वाहक. दोन्हींत दहा दाणे ज्वारीचे, दहा उडदाचे. (मला लगेच ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आठवते, ते असो.) उडीद म्हणजे सिकलचं जनुक. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा काढायचा. दोन्ही उडीद आले तर आजार, एक आला तर वाहक. दाणे पुन्हा वाटीत टाकायला विसरू नका, सगळी गोम तिथेच आहे. 'पहिलं पोर आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली' असं घरोघरी समजतात. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक, तेवढाच. 40 वेळा काढून पाहा. दोन उडीद नेमके 10 वेळाच येतील असं नाही, कधी 7 वेळा येतील, कधी 13 वेळा. त्यावरही बोला.

कोणी म्हणेल, ही बाहेरची बाधा आहे, भगत सांगतो. हसू नका. दुखतं कुठे ते विचारा, आणि विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिनीत कशा अडकतात ते फळ्यावर काढा. भगताशी भांडण नको. कळ उठली की दवाखाना चुकवायचा नाही, एवढं मात्र ठामपणे सांगा.

थंडीने आणि पाणी कमी प्यायल्याने कळा उठतात. म्हणून डिसेंबरात प्रार्थना उन्हात घ्या आणि पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या. सगळ्यांनाच, म्हणजे कोणाची कशासाठी ते कळत नाही.